शेवटची दहा मिनिटं

“बाई, सरांस्नी सांगा, त्या गोरक्षाला सांच्याला गोलात उभा करू नका. दिवस कलला की त्याला—”

मार्थानं मनकर्णाबाईला वाक्य पुरं करू दिलं नव्हतं. वसतिगृहात भाकरी थापणारी बाई. तिन्हीसांजेचं म्हणजे बाहेरचं काहीतरी सांगणार, हे मार्थानं धरूनच टाकलं होतं. “मनकर्णाबाई, फुटबॉलला भुतंखेतं लागत नाहीत,” असं म्हणून ती हसली होती. ती बी.एस्सी. होती.

हे पहिल्या सामन्यानंतरचं. आता सहा सामने झाले होते आणि कॉलेज सहाही हरलं होतं. हरल्याचंही काही नाही, पण हरण्याची तऱ्हा डोक्यात जाणारी होती. सामना पाचला सुरू व्हायचा. निम्म्याहून जास्त वेळ गोरक्षनाथ गोलात मांजरासारखा झेपावायचा. शेवटची दहा मिनिटं उरली की तोच गोरक्षनाथ खांब रोवल्यासारखा उभा. चेंडू डावीकडून जायचा, हा उजवीकडे पडायचा. एकदा तर चेंडू जाळीत जाऊन थांबला, तरी हा आपला हात पसरून वाट बघतोय!

“अरे, गोलात दगड उभा करा! चेंडू आपटून परत तरी येईल!” कडेची पोरं ओरडायची. आपल्याच कॉलेजची. दीड वर्षाच्या कृपाला कडेवर घेऊन मार्थाही त्यांच्यात ओरडायची.

तिचा नवरा शलमोन कॉलेजचा खेळशिक्षक. त्यानं सगळं करून पाहिलं. पोरं दमतात म्हणून पहाटे पळवलं, भिजवलेले हरभरे खाऊ घातले, रागावला, समजावलं, प्रार्थनासुद्धा केली. सहाव्या पराभवानंतर तो ताटावरून उठला.

“शेवटच्या दहा मिनिटांतच का? सांग ना! हा पोरगा फितूर आहे.”

“अहो, मग काढून टाका ना एकदाचं!”

काढून टाकणं म्हणजे काय, हे तिला ठाऊक होतं. संघातून नाव गेलं की वसतिगृहातली फुकट जागा जाणार. मग गोरक्षनाथ परत तिसगावकडे, आईबापाच्या शेजारी, दुष्काळी कामावर खडी फोडायला. बाहत्तर साल होतं. विहिरी आटल्या होत्या, हिरवा पाला दृष्टीला पडून वर्ष झालं होतं. सगळं ठाऊक असून ती बोलली, कारण ती वैतागली होती. दर शनिवारी तेच रडगाणं, तेच न जेवता उठणं.

सातव्या सामन्याच्या आदल्या दिवशी शलमोननं गोरक्षनाथला घरी बोलावलं. तो आला तेव्हा सूर्य बुडाला होता आणि कंदील अजून लावायचा होता. कुंपणाच्या भिंतीवरून हात फिरवत तो फाटकापर्यंत आला, तिथून ओसरीपर्यंत पाय चाचपत. मार्था बघत होती. आता ढोंगंही सुरू झाली, असं तिला वाटलं. पण घरी आलेल्याला कोरा का होईना, चहा द्यायला हवा.

“घे,” तिनं कप पुढे केला.

गोरक्षनाथचा हात आला आणि कपाच्या वीतभर डावीकडे थांबला. तळवा उघडाच राहिला.

मार्थानं आवाज न करता कप आणखी बाजूला सरकवला. हात होता तिथंच.

“गोरक्ष,” ती हळूच म्हणाली, “तुला दिसत नाही?”

“दिवसा समदं दिसतं, बाई. दिवेलागण झाली की न्हाई.”

रातांधळेपणा. पालेभाजी, दूध पोटात गेलं नाही की होणारा. परीक्षेत तिनं त्यावर पानभर लिहिलं होतं.

“अरे, मग गोल अडवतोस कसा?”

“आवाजावर. लाथ बसली की चेंडू कुठनं आला ते कळतं. पन शेवटाला समदे वरडाय लागत्यात. मग न्हाई कळत.”

मार्थानं कप त्याच्या तळव्यावर नेऊन टेकवला.

“सांगायचं होतंस की!”

“सांगितलं असतं तर नाव काढलं असतं ना सरांनी.”

संघाची यादी हातात घेऊन शलमोन दारात उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. यादीची घडी घालून त्यानं खिशात टाकली.

“नाव राहील. उद्याचा सामना हरलो तर हरू. सकाळी तू माझ्याबरोबर दवाखान्यात चल.”

गोरक्षनाथनं मान हलवली, पण उठला नाही. कान टवकारून बसला.

“बाई, बारकी हितंच हाय ना?”

“आहे की. पायरीवर बसलीय.”

“बडबड ऐकू येती, पन पाय वाजंनात. दुपारच्याला गिरौंडवर केवढी पळती.”

“संध्याकाळी ती अशीच बसते,” मार्था म्हणाली. शेजारच्या रतनबाई रोज म्हणायच्या, काय गुणाची पोर, तिन्हीसांजेला जागची हलत नाही! मार्थाला ते ऐकून बरं वाटायचं.

“मी बी बारकेपनी असाच बसायचो,” गोरक्षनाथ म्हणाला. “बाई, न बोलता तिच्याम्होरं हात धरा एकदा.”

मार्था पायरीशी गेली. वाकली. काही न बोलता हात पुढे केला. कृपाचं तोंड तिच्याकडेच होतं. कृपानं हात घेतला नाही.

तुमच्या घरी एखादं लेकरू दिवेलागणीला असंच शहाण्यासारखं एका जागी बसत असेल, तर त्याचं कौतुक थोडं थांबवा. आज दिवा लावायच्या आधी, काही न बोलता, त्याच्यासमोर हात धरा. ते हात घेतं का, तेवढं बघा.