बावीस माणसांची गोष्ट

मधुवंतीने मिस्टर ड्वायरना पाठीवरूनच ओळखलं. हिरवा टी-शर्ट, खांद्यावर पाच-सहा वर्षांची मुलगी. गालावर पान रंगवून घ्यायच्या रांगेत ते उभे होते. त्यांच्या जहाज कंपनीच्या हार्बरफ्रंटच्या ऑफिसातल्या रिसेप्शनिस्टला अखेर मधुवंतीची कीव आली होती. "शनिवारी नदीकाठच्या हिरवळीवर आयरिश फॅमिली डे आहे. साहेब दरवर्षी मुलीला घेऊन जातात. तिकीटबिकीट नाही, कुणीही जाऊ शकतं. मी सांगितलं म्हणू नका."

लेकीला, तन्वीला, फुगे घ्यायला पाठवून मधुवंती सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"मिस्टर ड्वायर, मी मधुवंती सावंत. निशिकांतची बायको. तुमच्या जहाजावरचा सेकंड इंजिनिअर."

ड्वायरांचं हसू मावळलं. त्यांनी मुलीला खाली उतरवून तिच्या आईकडे सोडलं. "मिसेस सावंत, इथे नको. सोमवारी ऑफिसला फोन करा."

"पाच सोमवार करतेय. तुम्ही मीटिंगमध्ये असता."

"बोलणी चालू आहेत. याहून जास्त मला सांगता येत नाही."

"तो जिवंत आहे का, एवढंच सांगा."

"प्लीज. माझी मुलगी आहे इथे."

"माझीही आहे."

ड्वायर वळले. मान खाली घालून बायको-मुलीकडे निघून गेले. बायकोने काहीतरी विचारलं, त्यांनी हात झटकून उत्तर दिलं. मागे व्हायोलिनं जोरात वाजत होती आणि कुरळ्या केसांचे टोप घातलेल्या मुली हात अंगाला चिकटवून नुसत्या पायांनी नाचत होत्या. मधुवंतीला वाटलं, इथून निघून जावं. पण परत कुठे जायचं? घरी जाऊन पुन्हा फोनसमोर बसायचं?

तन्वी हिरवा फुगा घेऊन पळत आली. "आई, स्टोरीटेलिंग सुरू होतंय! कम, लाह!" ती इथल्या शाळेतल्या इंग्रजीत म्हणाली.

तंबूत चटया अंथरल्या होत्या. पांढऱ्या केसांची एक आजीबाई एका मासेमाराची गोष्ट सांगत होती. मुलं गुंगून ऐकत होती. दुसऱ्या ओळीत ड्वायर बसले होते, मुलगी मांडीवर, बायको शेजारी. गोष्ट संपली तशी आजीबाईने माईक पुढे केला. "आता तुमच्यापैकी कोण सांगणार? कुठल्याही देशाची चालेल. एकच नियम, गोष्ट पुरी होईपर्यंत कुणी उठायचं नाही."

मधुवंती उभी राहिली. तन्वीने तिचा कुर्ता ओढला. "आई, डोन्ट! एव्हरीवन लुकिंग!"

तिने माईक हातात घेतला. ऑफिसात प्रेझेंटेशन देताना कधी अडखळायचं नाही ते तिचं इंग्रजी आज पहिल्याच शब्दाला अडखळलं.

"एक जहाज होतं. त्याच्यावर बावीस माणसं होती. एक दिवस त्या जहाजावर चाचे चढले."

"पायरेट्स!" मुलांनी टाळ्या पिटल्या. एका मुलाने विचारलं, "डोळ्यावर काळी पट्टी होती?"

"नाही. पायात रबरी चपला होत्या. हातात बंदुका होत्या. त्यांनी जहाज आफ्रिकेच्या किनाऱ्याला नेऊन उभं केलं. अजून तिथेच उभं आहे. आज एकशे एकाहत्तर दिवस झाले."

टाळ्या थांबल्या. मोठी माणसं एकमेकांकडे बघू लागली. ड्वायरांनी उठण्यासाठी हात टेकला, तशी त्यांच्या मुलीने ओठांवर बोट ठेवून त्यांना दटावलं. ते पुन्हा बसले.

तन्वीकडे बघायचं नाही, असं मधुवंतीने ठरवलं होतं. जहाज दुरुस्तीला लागलंय, तिथे नेटवर्क नाही, असं ती जवळजवळ सहा महिने लेकीला सांगत आली होती.

"त्या बावीस जणांतल्या एकाने घरी फोन केला. चाळीस सेकंद. म्हणाला, प्यायचं पाणी संपत आलंय. दोघांना ताप आहे. कंपनीला सांग, आम्हाला विसरू नका. मागे कुणीतरी ओरडलं, आणि तो घाईघाईने म्हणाला, तनूला यातलं काही सांगू..."

लेकीचं नाव तोंडातून निसटून गेलं होतं. तिने माईक छातीशी धरला. धडधड असा आवाज तंबूभर घुमला. तो तिच्याच काळजाचा होता.

"मग फोन तुटला," ती म्हणाली. "त्याला तेवीस दिवस झाले."

ड्वायरांची मुलगीच म्हणाली, "आणि मग काय झालं?"

"पुढची गोष्ट मला येत नाही, बाळा," मधुवंती म्हणाली. तिने ड्वायरांकडे बोट केलं. "त्यांना येते."

सगळ्यांच्या माना वळल्या. ड्वायरांच्या बायकोने नवऱ्याकडे पाहिलं, मग मधुवंतीकडे, आणि मुलीला त्यांच्या मांडीवरून उचलून आपल्याजवळ घेतलं. ड्वायर चटईकडे बघू लागले.

तेव्हा तन्वी उठली. फुग्याची दोरी तिने कधी सोडली होती, तिचं तिलाच कळलं नव्हतं. आईकडे न बघता ती चटयांमधून वाट काढत गेली आणि ड्वायरांच्या पुढ्यात मांडी घालून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, त्यांच्या तोंडाकडे बघत बसली.