दहापैकी नऊ

हौसामावशीनं बांगडा उचलला आणि त्याच्या डोळ्यात बघितलं. डोळा खोल गेला होता, गढूळ. "परवाचा," म्हणत तिनं तो बाजूला फेकला. मग समोरच्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यात बघितलं. "घरी पाव्हणे येणारेत म्हणून कमी कर म्हणतोस? पाव्हणेबिव्हणे कोण नाय तुझ्याकडं. जा."

गिऱ्हाईक खाली मान घालून गेलं.

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर योगिनी अर्धा तास तशीच उभी होती. हातात खुलाशाचा फॉर्म. मावशीच्या छत्रीच्या काडीला एक लॅमिनेट केलेला कागद लटकत होता. 'खोटं ओळखण्याची क्षमता : दहापैकी नऊ.' खाली सही योगिनीची.

तो कागद खोटा होता.

योगिनीची पीएच.डी. खोटेपणा आणि माणसाचे निर्णय यावर चालली होती. तिनं बाजारातल्या चाळीस जणांना दहा-दहा व्हिडिओ दाखवले, कोण खोटं बोलतंय ते ओळखायला लावलं आणि गुण मात्र चिठ्ठ्या टाकून वाटले. कुणाला नऊ, कुणाला दोन. आपल्याला खोटं कळतं असं वाटायला लागलं की माणूस किती ठाम होतो, एवढंच तिला बघायचं होतं. गुण सांगताना नजर हलू नये म्हणून तिनं आठवडाभर आरशासमोर तालीम केली होती. मावशीचे खरे गुण चार होते. नाणं उडवलं असतं तरी पाच मिळाले असते.

नियमानं त्याच दिवशी खरं सांगून खुलाशाच्या फॉर्मवर सही घ्यायची. पण मावशी इतकी हरखली, की योगिनी मनात म्हणाली, उद्या सांगू. शिवाय मावशीनं तिच्या पिशवीत सुरमई टाकली होती. ती तिनं खाल्ली. उद्याचे तीन आठवडे झाले.

तेवढ्या दिवसांत बरंच घडलं. पालखी कमिटीच्या हिशेबाच्या मीटिंगला मावशीला नुसतं बसवलं, तर दोन मेंबरांनी कुणी काही न विचारताच राजीनामे दिले. तिचा नवरा धाकू घरात सतत खरं बोलून बोलून चार किलो उतरला. इथपर्यंत योगिनी हसत होती, वहीत टिपत होती.

मग मावशीनं होणाऱ्या जावयाला विचारलं, "दारू पितोस?" भावेश म्हणाला, "नाय." मावशीनं त्याच्या डोळ्यात बघितलं आणि तुळशीच्या लग्नानंतरची ठरलेली तारीख मोडली. भावेशला कोकम सरबतानंसुद्धा ठसका लागायचा. हे अख्ख्या मिरकरवाड्याला माहीत होतं. पण अख्ख्या मिरकरवाड्याला दहापैकी नऊ नव्हते.

काल मावशीच्या लेकीचा, नम्रताचा फोन आला होता. "ताई, कागद तुम्ही टांगलात. तुम्हीच काढा." पुढं ती नुसती रडली. रात्रभर योगिनी जागीच होती.

"काय गो बाय, तोंड का असं?" मावशी म्हणाली. "बस. पापलेट नेतेस?"

"मावशी, मला एक सांगायचंय." योगिनीचा आवाज चिरकला. ऑक्टोबरचं ऊन, कपाळावरून घाम ओघळत होता. समोर त्या दिवशीसारखीच सुरमई होती, म्हणून तिनं नजर बर्फाकडं वळवली. "ते गुण खोटे होते. मी चिठ्ठ्या टाकल्या होत्या. तुम्हाला नऊ नव्हतेच. भावेश खरं बोलत होता हो. चूक माझी आहे. माझ्यापायी नम्रताचं लग्न मोडू नका."

मावशीनं विळी बाजूला सारली. हात पदराला पुसला. योगिनीची हनुवटी धरून वर केली आणि आधी एका डोळ्यात बघितलं, मग दुसऱ्या.

"भावेशनं पाठवलं काय तुला?"

"नाही हो मावशी. शपथ!"

मावशीला तिची खरोखरच दया आली. तिनं एक चांगलंसं पापलेट उचलून तिच्या पिशवीत टाकलं.

"घरी जा हो. डोळे बघ तुझे, परवाच्या बांगड्यासारखे झालेत," ती म्हणाली. "त्या दिवशी कागद देताना खरं बोलत होतीस, तेव्हा कसे लखलखत होते!"