शुक्रवारचा सराव

“बंद कर ती गिटार! आज देव मेलाय आणि घरात वाजवणं चाललंय? अख्खी गल्ली ऐकतेय!”

पासिंग आजी, तिथल्या बोलीत लोला पासिंग, स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात डाव, डावाला चिकटलेला नारळाच्या दुधातला रताळ्याचा गर. नातीची, अर्लिनची, बोटं तारांवर होती तिथेच थांबली.

गुड फ्रायडेला बोहोल बेटावरच्या त्या किनाऱ्याच्या गावात कुणी मोठ्याने हसतसुद्धा नाही. रेडिओ बंद, हातोडी बंद, कोंबड्यांच्या झुंजी बंद. पळणाऱ्या पोरांना आया कुजबुजत दटावतात. बारा वर्षांच्या अर्लिनला हे ठाऊक होतं. पण ईस्टरचा रविवार तोंडावर आला होता.

त्या पहाटे चर्चसमोर दोन मिरवणुका भेटतात. एकीत दुःखी आईची मूर्ती, दुसरीत मेलेल्यांतून उठलेल्या तिच्या मुलाची. आईच्या तोंडावरचा काळा पदर उचलला जातो तेव्हाचं गाणं इतकी वर्षं लोला पासिंगच गात आली होती, आणि साथीला गिटारीवर तिचा नवरा, लोलो इसकिंग. तो वारला. मागच्या ईस्टरला चर्चमधल्या एका तरुणाने साथ केली. गाणं एकीकडे गेलं आणि गिटार दुसरीकडे. गाणाऱ्यांचा गट सांभाळणारी व्हर्जीताई, मानांग व्हर्जी, नंतर गोड आवाजात म्हणाली, “पुढच्या वर्षी अजून एकदा बघू हं, मानांग पासिंग. नाहीतर मग स्पीकरवर रेकॉर्डिंग आहेच.”

घरी येऊन लोलाने खिळ्यावरची गिटार काढली आणि अर्लिनच्या मांडीवर ठेवली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी चुलीवर भात चढला की सराव सुरू. भाताचा वास सुटला की बंद, मग कडवं अर्धं राहिलं तरी चालेल. “बोटं कंटाळायच्या आत त्यांना सुट्टी द्यायची,” लोला म्हणायची, “म्हणजे दुसऱ्या दिवशी ती आपणहून येतात.” आधी कितीतरी दिवस एकच कॉर्ड. बोटांची टोकं सोलवटली, मग घट्ट झाली. लोला समोर स्टुलावर बसायची, गुडघ्याला गुडघा लावून. तिने कधी आवाज चढवला नाही. तिचं म्हणणं एवढंच, “हात झाकू नकोस, बोटं दिसू देत,” आणि “पुटपुटू नकोस, इंदाय पोरी, माझ्याकडे बघून बोल.” एकदा एक तार उतरली होती, सगळं गाणं बेसूर झालं, तरी ती म्हणाली, “छान!” अर्लिनला वाटलं, लोला फारच मऊ मनाची.

एकच गोष्ट जमत नव्हती. प्रत्येक कडव्याला लोला गिटारीच्या कणभर मागे राहायची. अर्लिनला वाटे, आपणच घाई करतो. तिने सावकाश वाजवून पाहिलं, तर लोलाही तेवढीच सावकाश. रविवारी असं झालं तर लोलाचं गाणं आपल्यामुळे जाईल, या धास्तीने ती आज शुक्रवार असूनही गिटार घेऊन बसली होती.

आता मात्र तिला हसू आलं.

“लोला, मी वाजवतच नव्हते. हे बघ.” तिने उजवा हात तारांच्या वर नुसताच हवेत फिरवला. डाव्या हाताची बोटं एका कॉर्डवरून दुसऱ्या कॉर्डवर गेली. तारा गप्प होत्या. “आवाज होताच कुठे?”

हसू ओठांवर राहिलं, मग ओसरलं. लोला डावाकडे बघत होती.

“तुला ऐकू येत नाही,” अर्लिन म्हणाली.

लोलाने मान वर केली. “काय म्हणालीस?”

अर्लिनने तिच्याकडे बघून पुन्हा सांगितलं.

“येतं की. ढोल ऐकू येतो. शेजारच्यांचं डुक्कर बोंबलतं, ते येतं.”

“आणि माझी गिटार?”

“तुझी बोटं दिसतात ना मला.”

“लोलोला माहीत होतं?”

“त्याच्याशिवाय कुणाला? म्हणून तर तो लोकांकडे पाठ करून माझ्याकडे तोंड करायचा. गाव चिडवायचं, म्हातारा अजून बायकोवर लट्टू. मी म्हटलं, म्हणू देत.” ती जराशी हसली. “कडवं यायच्या आधी हनुवटी उचलायचा. मागच्या वर्षीचा तो पोरगा गिटारीवर ओणवा होऊन वाजवत बसला, मला काय दिसणार?” मग हलकेच म्हणाली, “व्हर्जीला सांगशील?”

अर्लिनने नकारार्थी मान हलवली.

“पहाटे अंधार असतो. गाणाऱ्याच्या तोंडापाशी मेणबत्ती धरतात, ती माझ्या हातापाशी धरायला सांगते. म्हणेन, मी शिकाऊ आहे, मला तारा दिसत नाहीत.”

“लोक हसतील तुला. म्हणतील, एवढे महिने शिकून बघून वाजवते.”

“हसू देत.”

लोलाने डाव खाली ठेवला आणि स्टूल ओढलं. अर्लिनने उजवा हात हवेत धरला, लोलाच्या डोळ्यांत पाहिलं आणि हनुवटी उचलली. त्याच क्षणी लोलाचे ओठ उघडले.

बाहेर गल्लीत कुणाला काहीच ऐकू आलं नाही. आत मात्र दोघी पहिल्यांदाच एकदम सुरू झाल्या होत्या.