मानेमागचं लेबल

लेकाला दवाखान्यात दाखवून दोघं नुकतीच घरी परतली होती. शिंपी खाली मान घालून लेकाच्या नव्या सदऱ्याचं मानेमागचं लेबल उसवत बसला होता आणि बायको त्याच्या बोटांकडे पाहत होती. लेकाची स्वमग्नता समजावताना डॉक्टरांनी सांगितलेली एकेक खूण तिला नवऱ्याच्या चेहऱ्याशी नेऊन सोडत होती.

“याला लेबल टोचतं, हे तुम्हाला कसं कळलं हो?”

“मला टोचतं.”

“मग इतक्या वर्षांत कधी बोलला नाहीत ते?”

“मला वाटलं, सगळ्यांनाच टोचतं. बाकीचे निमूट सोसतात, मलाच तेवढं जमत नाही.”

‘दगडाशी संसार केला मी,’ हे ती आज सकाळीच त्याला पुन्हा ऐकवून बसली होती.

त्यानं उसवलेला दोरा फुंकरीनं उडवला. “आता याच्यावर कोणी ओरडणार नाही ना?”

“छे हो. हा मुद्दाम करत नाही, हे आता कळलंय ना आपल्याला.”

शिंप्यानं सदऱ्याची नीट घडी घातली. “मग एकदा मलाही ने त्या डॉक्टरांकडे.”

ती उठली आणि डॉक्टरांच्या फोन नंबरचा कागद आणायला आतल्या खोलीत गेली.