अंगठीचा वळ

आमवातावरची औषधं स्वीडनमधल्या आमच्या लुंडच्या प्रयोगशाळेत आधी उंदरांवर पाहतात. सुई टोचून त्यांचे सांधे सुजवायचे आणि ती सूज रोज मोजायची, हे माझं काम.

त्या सकाळी सुजलेला निघाला तो नेमका सुई न टोचलेल्या उंदरांच्या पिंजऱ्यातला. पुढच्या पंजाचं एक बोट टम्म फुगलेलं, आणि त्याभोवती अंगठी रुतून पडावा तसा गोल वळ.

"साहेबांनी लग्न उरकलं वाटतं! आणि आपल्याला साधा केकसुद्धा नाही," माझा सहकारी तुर्केल हसला.

उंदराला मुठीत धरून मी भिंग लावलं. वळात बारीक, उलटी अक्षरं उमटली होती. आमच्याकडे साखरपुड्याच्या अंगठीत आतून जोडीदाराचं नाव कोरतात, त्याचा ठसा उठावा तशी.

तुर्केलने वाकून वाचलं. "अगं यिल्वा, इथे 'तुर्केल' लिहिलंय. माझं नाव!"

"ही तुझी चेष्टा असेल तर आत्ताच सांग. मी हसणार नाहीये."

"शपथ, मी काही केलं नाही गं!"

त्याने घरी फोन लावून स्पीकर सुरू केला. त्याच्या बायकोची, गुनेलची, बोटं आमवाताने सुजलेली. अंगठी कित्येक वर्षं निघतच नव्हती.

"गुनेल, तुझी अंगठी कुठाय?"

"तुला कसं कळलं? अरे, सकाळी आपोआप गळून पडली! बोट अगदी पूर्वीसारखं झालंय." ती हसत होती. "थांब हं... अगंबाई, आता गुडघापण मोकळा होतोय!"

माझ्या मुठीत उंदराच्या मागच्या पायाचा गुडघा हळूहळू गरम होऊन फुगू लागला.