पांढरी मूठ, पिवळी मूठ

एक डोळा मिटा. दुसऱ्यासमोर भिंग धरा. आता तुम्ही सरिता आहात, दहा वर्षांची. तलासरीजवळच्या एका पाड्यावर दसऱ्याची सकाळ आहे, समोर खापरपणजोबांची कट्यार आहे आणि मागे अख्खा पाडा श्वास रोखून उभा आहे. दिसलं? मग ऐका.

तशा कट्यारी दोन होत्या. शिकारीत कुण्या राजाचा जीव वाचवला म्हणून दोन भावांना मिळालेल्या. एकीची मूठ हस्तिदंताची, दुसरीची हाडाची. थोरल्याच्या घरची, म्हणजे सरिताच्या घरची, पांढरीशुभ्र. रखमीआजी ती दर सणाला राखेने घासून लख्ख करी. धाकट्याच्या घरची चुलीवर मक्याच्या बियाण्याशेजारी टांगलेली, धुराने पिवळी-काळी झालेली. पांढरं ते हस्तिदंत, मळकं ते हाड. पाड्यावर हे कुणाला सांगावं लागत नसे. म्हणून दसऱ्याला गावदेवाकडे हत्यारं मिरवत निघाली की थोरलं घर सगळ्यांच्या पुढे आणि धाकटं सगळ्यांच्या मागे, कोयत्या-कुऱ्हाडींच्याही मागे.

यंदा कट्यार धरायचा मान सरिताचा होता. आठवडाभर तिचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. त्यात शाळेतल्या निर्मलाबाईंनी भिंग दिलं होतं आणि हस्तिदंत ओळखायची खूणही शिकवली होती. रांग निघण्याआधी ती सगळ्यांसमोर मूठ पारखून दाखवणार होती. रंगावर जाऊ नकोस, मुठीचं बूड बघ, जिथे ती आडवी कापलेली असते तिथे. हस्तिदंतात बारीक रेषा एकमेकींना छेदत जातात, चटईच्या विणीसारख्या. हाडात सुईच्या टोकाएवढे ठिपके दिसतात. रक्ताच्या वाटा त्या. जनावर गेलं तरी त्या राहतात.

उमेशकाका तापवलेली सुई घेऊन धावत आला. "भिंग कशाला? टोचा ही! हाड असलं तर जळका वास सुटेल."

"हस्तिदंत म्हणजे दातच, तो जळला तरी तोच वास येतो, काका," सरिता म्हणाली. "वर डाग पडेल ते वेगळंच!"

सगळे हसले. धाकट्या घरचा म्हातारा सुकऱ्या आपली काळवंडलेली कट्यार पुढे करत म्हणाला, "आमची पण बघ गं पोरी. पण लवकर बघ, नाहीतर हाड बघून कुत्री जमतील!"

पुन्हा हशा. फक्त त्याची नात सोमी हसली नाही. ती सरिताच्याच वर्गात होती. वर्गात तिला सगळे 'हाडकी' म्हणत. कालच सरिताही म्हणाली होती.

"आधी आपली बघ," सरिताचा देवजीआजा म्हणाला. "आणि मोठ्याने सांग. एकदाचं सगळ्यांना कळू दे."

सरिताने भिंग लावलं. ठिपके. तिने फ्रॉकने मूठ पुसली, उजेडाकडे वळवली. ठिपकेच. नाचणी सांडावी तसे, बुडावर सगळीकडे.

मग तिने सोमीच्या घरची मूठ घेतली. ओल्या बोटाने काजळी चोळून काढली. खाली रेषा होत्या! डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, एकीवरून एक, कोळ्याच्या बारीक जाळ्यासारख्या.

"आई गं!" तिच्या तोंडून निघून गेलं. अंगावर सरसरून काटा आला. इतक्या पिढ्यांत हे कुणीच पाहिलं नव्हतं, ती पहिली. क्षणभर ती मूठ कुणाच्या घरची हेच विसरून गेली.

मग आठवलं.

"काय दिसलं?" आजा म्हणाला. ढोलावरची काठी उगारून संदीप थांबला होता. "बोल ना, पोरी! पुढे कोण चालणार?"

'आपलीच' म्हटलं असतं तर कुणी विचारलं नसतं. भिंग तिचं, खूण तिलाच ठाऊक. आणि पुढच्या दसऱ्याला मान तिच्या धाकट्या भावाचा. तिच्या वाट्याला हा एवढाच दसरा.

सरिताने भिंग सोमीच्या हातात ठेवलं. "तू बघ, आणि तूच सांग," म्हणाली. मग आपली पांढरी कट्यार दोन्ही हातांनी उचलून ती चालत गेली आणि रांगेच्या शेवटी, कोयत्या-कुऱ्हाडींच्याही मागे, जाऊन उभी राहिली.