नावाची जागा

“काका, माझं नाव काढा,” ती म्हणाली.

पान लावणाऱ्या काकांनी पडद्यावरून नजर उचलली. पहिल्या पानावर चार कॉलमांचा मथळा होता, पुलाला गेलेल्या तड्यांचा, आणि त्याखाली तिचं नाव. या बातमीसाठी ती आठ महिने कधी पुलाखाली, कधी कंत्राटदाराच्या दारात, तर कधी कचेऱ्यांच्या बाकांवर बसून राहिली होती. सहा वर्षांच्या नोकरीत पहिल्या पानावर लागलेली ही तिची पहिलीच बातमी.

“आजच काढू?” काकांनी विचारलं.

“सगळ्यांचीच निघणार आहेत. युनियनचं ठरलंय.”

बातमीदारांची युनियन होऊन चार महिने झाले होते. अकरा-अकरा महिन्यांच्या नेमणुका बंद करा आणि आमच्याशी नीट करार करा, एवढीच मागणी. मालक दाद देत नव्हते. काम बंद करण्याची कुणाची ऐपत नव्हती. म्हणून ठरलं, बातम्या द्यायच्या, नावं द्यायची नाहीत. आपली रोजची माणसं गेली कुठे, असं वाचकांनीच मालकांना विचारलं पाहिजे. तिला तर हे जिंकणं भागच होतं. तिला पाचवा महिना होता, आणि तिचे अकरा महिने तीन आठवड्यांत भरत होते. पोट दिसू लागलेल्या बाईची नेमणूक पुढे होत नाही, हे त्या कचेरीत सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त कागदावर कुठे लिहिलेलं नव्हतं.

काका युनियनमध्ये नव्हते. “मी कायम आहे. निवृत्तीला आठ महिने राहिलेत. आता कशाला हात पोळून घेऊ?” असं म्हणून त्यांनी अर्ज कोराच परत केला होता. तेव्हापासून बातमीदारांच्या टेबलावर त्यांना मालकांच्या ताटाखालचं मांजर म्हणत. तीही म्हणायची.

आणि म्हणण्यासारखंच घडलं. मालक स्वतः खाली आले आणि काकांच्या खुर्चीमागे उभे राहिले.

“नावं नकोत ना त्यांना? नकोत तर नकोत. पण जागा ठेवू नका, मजकूर वर सरकवा. उद्या कुणाला कळणारसुद्धा नाही.”

“बरं, साहेब,” काका म्हणाले.

ती घरी जाऊन रडली. आयुष्यात एकदा पहिल्या पानावर येणारं नाव आपल्या हाताने काढून टाकलं, आणि ते कुणाच्या लक्षातही येणार नाही. तेलही गेलं, तूपही गेलं.

सकाळी तिने पेपर उघडला आणि बघतच राहिली. प्रत्येक मथळ्याखाली, नाव असायचं तिथे, एक बारीक चौकट होती आणि चौकटीत काहीच नव्हतं. ज्याचं नाव आखूड त्याची चौकट आखूड, ज्याचं लांबलचक त्याची लांबलचक. पान एक ते पान बारा, सगळीकडे.

साडेदहाला मालकांनी काकांना बोलावलं. दार उघडंच होतं आणि मालकांचा आवाज काही लहान नव्हता.

“हे काय आहे?”

“जागा भरायची राहून गेली, साहेब.”

“एकवीस ठिकाणी?”

“वय झालं.”

काकांना तिथल्या तिथे निलंबित केलं. ते डबा आणि चष्मा घेऊन निघून गेले. तोवर फोन वाजायला लागले होते. कुणी विचारत होतं, छपाईत बिघाड झाला का? कुणी विचारत होतं, सगळ्यांना एकदम काढलंत की काय? दुसऱ्या दिवशी पान लावणाऱ्या बाकीच्यांच्याही जागा भरायच्या राहून गेल्या. सगळ्यांचंच वय झालं म्हटल्यावर मालक तरी कुणाकुणाला घरी बसवणार? तिसऱ्या दिवशी म्हणे खुद्द मालकांच्या आईचा फोन आला, “अरे, तुझ्याकडे आता कुणीच उरलं नाही का?” खरं-खोटं देव जाणे. पण सतराव्या दिवशी मालकांनी करारावर सही केली. नेमणुका कायम, बाळंतपणाची पगारी रजा, आणि काका सोमवारपासून कामावर.

रविवारी ती कराराची प्रत घेऊन काकांच्या घरी गेली. मांजर म्हटल्याची माफी मागायची होती. काय बोलायचं ते तिने वाटेत दोनदा घोकलं. काका भाजी आणायला गेले होते. दार काकूंनी उघडलं, आणि त्यांच्या हातात कागद देताना ती सगळं विसरली.

“काकू, काकांमुळे माझी नोकरी राहिली हो. मी त्यांना काय काय बोलले, आणि त्यांनी... हे उपकार मी कसे फेडू?”

“वेडी की काय! बस आधी.” काकूंनी तिला पाणी दिलं. “उपकार कसले? सतरा दिवस मजेत होते. घरातलं एकूण एक कपाट लावून काढलं, पान लावावं तसं. मलाच आता काही सापडत नाही.”

ती रडता रडता हसली. डोळे पुसताना तिचं लक्ष समोरच्या भिंतीकडे गेलं. तेच पहिलं पान, काचेच्या फ्रेममध्ये.

“माझी बातमी लावलीत भिंतीवर!” तिला पुन्हा भरून आलं.

“अगंबाई, तुझी बातमी आहे का ती?” काकू ओशाळल्या. “वाचली पाहिजे एकदा.”

मग त्या उठल्या आणि पानाच्या अगदी तळाशी, उजव्या कोपऱ्यावर त्यांनी बोट ठेवलं. तिथे कुणाचीच बातमी नव्हती. तरी तिथे एक इवलीशी रिकामी चौकट होती. ते पान शंभरदा पाहूनही ती तिला कधी दिसली नव्हती.

“एकतीस वर्षं पानं लावली,” काकू म्हणाल्या, “पण पेपरात ह्यांचं नाव पहिल्यांदाच आलं.”